शिवेवरचा संसार

गेल्या पावसाळ्यांत भूगोलाच्या तासास एका विद्यार्थ्यानें मला प्रश्न केला, "सर, नदीच्या मधोमध जिल्ह्याची हद्द असेल, तर होडींत बसलेला माणूस कोणत्या जिल्ह्यांत असतो?" वर्ग हंसला, मीही हंसलों. परंतु घरीं गेल्यावर तो प्रश्न कांहीं केल्या मनांतून जाईना. नकाशावर हद्द म्हणजे तुटक टिंबांची एक रेघ. ती रेघ ज्यांच्या अंगणाजवळून किंवा नदीच्या पात्रांतून जाते त्यांस ती कशी दिसत असेल, त्यांच्या रोजच्या व्यवहारांत ती कितपत आड येत असेल, आणि काळ बदलला म्हणजे तीं माणसें आपला संसार कसा सांवरून घेत असतील, याचा विचार आपण क्वचितच करतों. आपल्या शाळेंत घोड आणि भीमा या नद्यांच्या दोन्ही थड्यांवरील मुलें शिकत आहेत. तेव्हां दूरदेशींच्या सीमा सोडून आपल्या दाराशींच असलेल्या शिवेची हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

'शीव' हा शब्द संस्कृत 'सीमा' या शब्दापासून आला. आपल्या पूर्वजांनीं शिवेस नुसती रेघ कधींच मानलें नाहीं. ती एक जागा होती. तेथें दगड असे, देव असे, एखादें जुनें झाड असे. नवरदेव लग्नास येई तेव्हां वधूकडील मंडळी गांवच्या शिवेपर्यंत सामोरी जाऊन त्याची पूजा करीत. यासच सीमांतपूजन म्हणत. आज तो विधि आदल्या सायंकाळीं कार्यालयांतच उरकतात, आणि पुष्कळ लोक त्यास 'श्रीमंतपूजन' असें म्हणतात. शीव गेली, शब्दांतला 'सीमांत' गेला आणि त्याच्या जागीं श्रीमंत येऊन बसला! पण पाहुण्यास सामोरें जाण्याची रीत मात्र राहिली आहे.

आतां आपला प्रदेश पाहूं. पुणें जिल्ह्याच्या पूर्व अंगास शिरूर व दौंड हे दोन तालुके शेजारीं शेजारीं आहेत. शिरूरच्या उत्तरेस व पूर्वेस बहुतांशीं कुकडी व घोड या नद्यांची हद्द असून पलीकडे पारनेर व श्रीगोंदें हे तालुके लागतात. शिरूर व दौंड यांच्यामध्यें भीमा वाहते. पुढें घोड नदी भीमेस मिळाली म्हणजे भीमा हीच दौंड व श्रीगोंदें यांची, आणि आणखी खालीं दौंड व कर्जत यांची सीमा होते. पलीकडचा जिल्हा तो अहमदनगर. २०२४ सालीं त्याचें नांव अहिल्यानगर असें झालें. या सर्व मुलखाची एक गोष्ट सारखी आहे, ती ही कीं, सह्याद्रीच्या आडोशामुळें येथें पाऊस थोडा. वर्षाकाठीं सरासरीनें सुमारें २० इंच पडला तर पडला, आणि तोही बेभरंवशाचा. बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगे हें येथील मूळचें पीक. जिल्हा कोणताही असो, ढग दोन्ही थड्यांना सारखेच फसवितात.

'थडी' हा शब्द मी मुद्दाम वापरीत आहें. थडी म्हणजे नदीचा कांठ. भीमेच्या कांठचा प्रदेश ती भीमथडी. येथील चपळ व काटक तट्टें मराठ्यांच्या घोडदळांत नांवाजलेलीं होतीं. शिरूर तालुक्यांतील आळेगांव पागा या गांवाच्या नांवांत त्या घोड्यांची आठवण अजून शिल्लक आहे. दौंडचा तालुका होण्यापूर्वीं हा भाग भीमथडी तालुक्यांतच मोडत असे. लक्षांत घ्या कीं, जुन्या लोकांनीं मुलखाला नांव दिलें तें नदीवरून.

नदी ही मोठी विचित्र सीमा आहे. पावसाळ्यांत ती खरोखरच दोन मुलूख वेगळे करी. पूर उतरेपर्यंत माहेरवाशिणीला सासरीं जातां येत नसे. उन्हाळ्यांत तेंच पात्र कोरडें पडे आणि वाळवंटांत दोन्ही कांठचे लोक कलिंगडांचे व खरबुजांचे वाफे लावीत. म्हणजे वर्षांतून चार महिने भिंत आणि आठ महिने अंगण, असा तो प्रकार होता. निघोजजवळ कुकडीचें पात्र पाहा. पाण्याच्या भोंवऱ्यांत सांपडलेल्या गोट्यांनीं काळ्या कातळांत हजारों वर्षें फिरून फिरून रांजणासारखे खोल खळगे पाडले आहेत. या कुंडांच्या एका बाजूस पारनेर तालुक्यांतील निघोज व दुसऱ्या बाजूस शिरूर तालुक्यांतील टाकळी हाजी. मळगंगा देवीचें देऊळ दोन्ही तीरांवर आहे! देवीच्या भक्तांस नदी ओलांडावी लागूं नये अशी सोय कोणीं केली असेल ती असो. पण देवता एक आणि जिल्हे दोन ही गोष्ट येथील लोकांस मुळींच नवलाची वाटत नाहीं.

सिद्धटेकचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. अष्टविनायकांपैकीं सात गणपति इतर जिल्ह्यांत, आणि सिद्धटेकचा एकटाच नगर जिल्ह्यांतील कर्जत तालुक्यांत. तोही भीमेच्या अगदीं कांठावर. तेथील देऊळ अहिल्याबाई होळकरांनीं बांधविलें. यात्रेकरू दौंड स्थानकावर उतरून शिरापूर गांवापर्यंत येत व तेथून होडींतून पैलतीरास जात. आतां पूल झाला आहे, आणि मोटारींतून उतरल्यावांचून देवळापर्यंत जातां येतें. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर शिरापूरच्या जुन्या नावाड्यानें बहुधा असें दिलें असतें कीं, होडींतला माणूस जिल्ह्यांत नसतो, तो नावाड्याच्या हवालीं असतो. पूल झाल्यानें यात्रेकरूंची सोय झाली हें खरेंच. पण होडीवर ज्यांचें पोट होतें त्यांस दुसरा उद्योग पाहावा लागला. बदलाचा हिशेब मांडतांना ही दुसरी बाजूही वहींत लिहिली पाहिजे.

आतां शिरूरकडे वळूं. बाहेरगांवचे लोक यास शिरूर म्हणतात. जुने लोक घोडनदी म्हणतात. महाराष्ट्रांत शिरूर नांवाचीं गांवें अनेक असल्यामुळें पत्रावर 'शिरूर (घोडनदी)' असें लिहिण्याचा प्रघात पडला. १८०२ सालच्या वसईच्या तहानंतर इंग्रजांची तैनाती फौज येथें येऊन राहिली, आणि नदीकांठच्या या गांवास एकाएकीं छावणीचें रूप आलें. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांव येथें जी लढाई झाली तींतील इंग्रजांची पलटण आदल्या रात्रीं येथूनच कूच करून गेली होती. छावणी म्हटली म्हणजे घोड्यांस गवत, शिपायांस धान्य, साहेबांस भाजी व अंडीं, सर्वांनाच कापड आणि चामडें. आसपासच्या खेड्यांस नवें गिऱ्हाइक मिळालें, आणि नदीपलीकडच्या खेड्यांसही मिळालें. छावणी पुढें उठली तरी बाजार राहिला.

छावणींतील एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं अवश्य ऐकावी. कर्नल विल्यम वॉलेस नांवाचा एक अधिकारी १८०९ सालीं शिरूर येथें मरण पावला. त्याची कबर येथें आहे. भोंवतालच्या खेडुतांनीं त्यास 'सत्पुरुष' ठरविलें, आणि सुगीच्या वेळीं नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीपुढें ठेवूं लागले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्यें या चालीची नोंद झालेली आहे. परक्या देशांतून आलेला, परक्या धर्माचा, शस्त्र धरणारा हा माणूस. त्याला आपल्या खळ्यावरच्या धान्याचा रक्षक करून टाकण्यांत या लोकांनीं काय साधलें? माझ्या समजुतीप्रमाणें, जें परकें आपल्यांत येऊन राहिलें आहे आणि जें घालवितां येत नाहीं, त्यास आपल्या पद्धतींत एक जागा द्यावी, ही शिवेवरील लोकांची जुनी रीत आहे. तिला कोणी भोळेपणा म्हणतील. मला तींत शहाणपणही दिसतो.

परंतु सर्वच बदल असे नैवेद्य दाखवून पचवितां येत नाहींत. १८५८ सालीं पुण्याहून दिकसळपर्यंत आगगाडी सुरू झाली. यवत, केडगांव, पाटस, दौंड हीं गांवें एका दिवसांत मुंबईच्या बाजाराशीं जोडलीं गेलीं. थोड्याच वर्षांत, १८६१ ते १८६५ पर्यंत, अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें आणि तिकडचा कापूस इंग्लंडांत जाईनासा झाला. त्यामुळें आपल्याकडील कापसास असा भाव आला कीं, सावकार शेतकऱ्याच्या दारीं येऊन पैसे देऊं लागला. युद्ध संपलें, भाव कोसळला. पण कर्ज मात्र राहिलें. त्यांतच सरकारनें जमिनीचा सारा वाढविला. अमेरिकेंतील एका युद्धाच्या आरंभानें व अखेरीनें भीमथडीच्या कुणब्याचें घर वर यावें आणि खालीं जावें, हें त्याच्या आजोबास स्वप्नांतही खरें वाटलें नसतें.

१८७४ सालच्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील करडें या गांवीं ठिणगी पडली. बाबासाहेब देशमुख यांच्यावर सुमारें दीडशें रुपयांच्या कर्जाबद्दल एका सावकारानें हुकूमनामा मिळविला आणि त्यांचें घर घेऊन तें पाडावयास निघाला. गांवानें काठी उचलली नाहीं. गांवानें सावकाराशीं व्यवहार सोडला. त्याच्या शेतावर कोणी मजुरीस जाईना, त्याच्या दुकानांतून कोणी मीठ घेईना, त्याची हजामत करावयास न्हावी मिळेना. शेवटीं त्यास गांव सोडावें लागलें. ही बातमी गांवोगांव गेली. पुढें १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें बाजाराच्या दिवशीं दंगा उसळला आणि तो पसरला. भीमथडी, शिरूर, इंदापूर यांच्याबरोबरच नदीपलीकडे श्रीगोंदें, पारनेर, कर्जत या तालुक्यांतही तोच प्रकार झाला. बहुतेक ठिकाणीं लोकांनीं माणसांच्या जिवास फारसा धक्का लावला नाहीं. त्यांना पाहिजे होते कर्जरोखे. खतें मिळालीं म्हणजे त्यांची चौकांत होळी करावयाची. सावकार बहुधा मारवाडी किंवा गुजर होते. तेही परमुलखांतून येऊन येथें स्थायिक झालेले. त्यांच्याही बायकामुलांनीं त्या रात्री भीतीनें काढल्या असतील, हें आपण विसरूं नये.

सरकारनें चौकशीसाठीं मंडळ नेमलें, आणि १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. दंग्यानें जिल्ह्याची हद्द मानली नव्हती. तेव्हां कायद्यालाही ती मानून चालण्यासारखें नव्हतें. या कायद्यानें शेतकऱ्याचें खत गांवच्या नोंदणीकारासमोर लिहिलें जाऊं लागलें आणि न्यायाधीशास जुन्या हिशेबाच्या मुळाशीं जाण्याची मुभा मिळाली. मात्र सावकारांनींही आपल्या परीनें नव्या काळाशीं जुळवून घेतलें. गहाणखताऐवजीं ते सरळ खरेदीखत लिहून मागूं लागले, आणि जमीन परत देण्याचें वचन केवळ तोंडी राहूं लागलें. किती शेतकरी त्या तोंडी वचनावर बुडाले असतील! कायदा आला कीं त्यांतून वाट काढणारेही आले.

दंग्यापाठोपाठ १८७६-७७ चा मोठा दुष्काळ आला. त्या वेळीं दौंडाहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गाचें मातीकाम दुष्काळी काम म्हणून काढण्यांत आलें, आणि १८७८ सालीं तो मार्ग सुरू झाला. रोज हा रूळ ओलांडून शाळेंत येणाऱ्या मुलांनीं ध्यानांत ठेवावें कीं, त्याखालचा भराव उपाशी माणसांनीं टोपल्या वाहून घातलेला आहे. या मार्गानें दौंडचें भाग्य उघडलें आणि शिरूरचें थोडें झांकलें. पूर्वीं पुणें व नगर यांच्यामधील माल शिरूरवरून रस्त्यानें जाई. तो पुष्कळसा दौंडमार्गें जाऊं लागला. शिरूरला आगगाडी अजूनही आलेली नाहीं.

दौंडचें जंक्शन झालें आणि तेथें एक निराळेंच गांव वसलें. इंजिन चालविणारे, रूळ तपासणारे, तिकिटें देणारे, हमाल, उपाहारगृहवाले असे नाना प्रांतांचे, नाना भाषांचे व धर्मांचे लोक एका वसाहतींत राहूं लागले. त्यांच्या घड्याळाची टिकटिक आगगाडीच्या वेळेवर चाले. मनमाडकडून पुण्यास येणारी गाडी दौंडास आली म्हणजे तिचें इंजिन सोडून दुसऱ्या टोंकास जोडावें लागे. तेवढ्या वेळांत चहा विकणाऱ्यांचा धंदा होई. अलीकडे कॉर्ड लाइन झाल्यामुळें कांहीं गाड्या मुख्य स्थानकांत न शिरतां परभारें जातात. प्रवाशांचा वेळ वांचतो, चहावाल्याची किटली थंड होते. राज्य राखीव पोलीस दलाचे गटही दौंडास आहेत. त्यामुळें तेथील शाळांत विदर्भापासून कोंकणापर्यंतचीं मुलें एका बांकावर बसलेलीं दिसतात.

याच लोहमार्गावर केडगांव आहे. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढलें, तें पुढें पुण्यास आणलें आणि शेवटीं केडगांव हें आपलें कार्यक्षेत्र केलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांत जाऊन निराधार विधवा व मुली आणल्या. १९०० सालच्या दुष्काळांत गुजराथेंतूनही आणल्या. हिंदी व गुजराती बोलणाऱ्या त्या मुली भीमथडीच्या माळावर मराठी वातावरणांत वाढल्या, शेती व विणकाम शिकल्या, छापखाना चालवूं लागल्या. बाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेलें बायबलचें मराठी भाषांतर तेथेंच छापलें गेलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें. परमुलखांतील उपाशी मुलींस आपलें म्हणावयास एका कोरड्या माळावरची जागा पुरली, ही गोष्ट मला आगगाडीच्या शोधापेक्षां लहान वाटत नाहीं.

यानंतरचा सर्वांत मोठा बदल पाण्याचा. वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव इंग्रजी अमदानींतला. पण खरा पालट झाला तो स्वातंत्र्यानंतर. १९६५ च्या सुमारास शिरूर तालुक्यांतील चिंचणी येथें घोड नदीवर धरण पुरें झालें. त्याचा डावा कालवा श्रीगोंद्याकडे व उजवा शिरूरकडे जातो. जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांत येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे व डिंभें अशीं पांच धरणें मिळून कुकडी प्रकल्प झाला. त्याचें पाणी पारनेर, श्रीगोंदें, कर्जत, आणि थेट सोलापूर जिल्ह्यांतील करमाळ्यापर्यंत जातें. म्हणजे पाणी एका जिल्ह्यांत सांठतें आणि तहान तीन जिल्ह्यांत असते. उन्हाळ्यांत आवर्तन केव्हां सुटणार, शेवटच्या टोंकाला पोंचणार कीं नाहीं, वरच्या लोकांनीं किती उपसलें, यावरून दरवर्षीं निवेदनें, मोर्चे आणि बैठका होतात. नदी हद्द होती तोंवर भांडण पुराशीं होतें. ती कालवा झाली आणि भांडण शेजाऱ्याशीं आलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

तथापि याच पाण्यानें दोन्ही थड्यांस एकत्रही बसविलें आहे. नद्यांवर जागोजाग कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे झाले आहेत. यांत दगडी खांबांच्या मधल्या खांचांत पावसाळा संपतांना लोखंडी फळ्या बसवितात. लोक त्यांस ढापे म्हणतात. ते बसविले म्हणजे सरतें पाणी अडतें. पुराच्या आधीं ते काढून घ्यावे लागतात, नाहींतर पाणी कांठ फोडून शेतांत शिरतें. ढापे केव्हां बसवावयाचे व केव्हां काढावयाचे हें एका कांठच्या लोकांनीं एकट्यानें ठरवून चालत नाहीं, कारण फुगलेलें पाणी दोघांच्याही बांधाला लागतें, आणि अलीकडच्या व पलीकडच्या मोटारी एकाच डोहांतून पाणी ओढतात. जिल्ह्याचीं कचेऱ्यांतलीं दप्तरें वेगवेगळीं, पण डोह एक. मग रात्री उशिरां का होईना, दोन गांवचीं चार शहाणीं माणसें पारावर बसतातच.

पाणी आलें तसा ऊंस आला. पाटस येथें भीमा व न्हावरें येथें घोडगंगा असे सहकारी साखर कारखाने निघाले. दौंड तालुक्यांतील गुऱ्हाळें तर प्रसिद्धच आहेत. विद्यार्थिमित्रांनो, गुऱ्हाळावर एकदां अवश्य जा. नुसता रस पिऊन परत येऊं नका. चरकांतून निघालेला रस मोठ्या कढईंत उकळतो, खालीं चुलवणांत वाळलेलें चिपाड जळत असतें, आणि पाक नेमका कोणत्या घटकेस उतरवावा हें गुळव्या नुसत्या नजरेनें ओळखतो. आज या गुऱ्हाळांवर पुष्कळ ठिकाणीं उत्तर प्रदेशांतून आलेले कारागीर काम करतात. त्यांच्या हिंदींत आपले 'चुलवण' आणि 'ढेप' हे शब्द मिसळले आहेत.

खालच्या बाजूस, १९८० च्या सुमारास पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा दौंड तालुक्यांतील खानोटें, राजेगांवपर्यंत येऊन भिडला. कोणाची काळी जमीन पाण्याखालीं गेली, कोणाच्या माळरानाला पाणी लागलें. बैल सोडून जाळें हातीं घेणारीं घरेंही त्या कांठीं आहेत.

ऊंसानें आणखी एक पाहुणा आणला, ज्याची कोणींच इच्छा केली नव्हती. वर्षभर उभ्या असलेल्या दाट फडांत बिबट्याला लपावयास जागा मिळाली. माद्या तेथेंच पिलें घालूं लागल्या. जुन्नर, आंबेगांव, खेड व शिरूर या तालुक्यांत कुत्रीं, शेळ्या आणि दुर्दैवानें माणसें व लहान मुलेंही बळी पडलीं आहेत. त्यामुळें लोकांच्या दिनक्रमांत जो बदल झाला तो पुस्तकांत सांपडणार नाहीं. बायका एकट्या गवतास जात नाहींत. सायंकाळचे खेळ उजेड असतांनाच आटोपतात. पिकास पाणी देण्यासाठीं रात्रीची वीज नको, दिवसाची द्या, अशी शेतकऱ्यांची मागणी आहे. कारण अंधारांत दारें धरावयास जावें तर जिवाची धास्ती. शाळा सुटल्यावर मुलांस घरीं पोंचविण्याची जबाबदारी आतां कोणीतरी वडील माणूस घेतो. ज्या पिकानें घरांत पैसा आणला त्यानेंच अंगणांत भीति आणली. बिबट्याला हद्द ठाऊक नाहीं. नदीला पाणी थोडें असलें कीं तो पलीकडे जातो.

१९७२ च्या दुष्काळाविषयीं तुम्हीं आपल्या आजीआजोबांस विचारावें. रोजगाराच्या कामावर खडी फोडणें, परदेशांतून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी, आणि मुलांना मिळणारी सुकडी या तीन गोष्टी ते हटकून सांगतील. त्यानंतरच्या पिढीस वीस वर्षांनीं कारखाने दिसले. रांजणगांवास १९९० नंतरच्या दशकांत औद्योगिक वसाहत उभी राहिली. पूर्वीं महागणपतीसाठीं येणारे लोक आतां कामाच्या पाळीसाठींही येऊं लागले. मराठवाडा, बिहार, उत्तर प्रदेश येथील तरुण भाड्याच्या खोल्यांत राहतात, आणि जमीनदार शेतकरी खोल्यांचें भाडें मोजतो. शिरूरच्या चौकांत घटकाभर उभे राहून मोटारींचे क्रमांक वाचा: एमएच-१२ पुण्याचा, एमएच-१६ नगरचा, मधूनच बारामतीचा एमएच-४२. घोड नदीच्या पुलापलीकडील लोकांचा तालुका श्रीगोंदें किंवा पारनेर. पण डॉक्टर, बाजार, बियाणें, सराफ आणि पुष्कळांची शाळा शिरूरची. दाखल्यासाठीं मात्र त्यांना आपल्या तालुक्याच्या गांवीं जावें लागतें. पोट एकीकडे आणि कागद दुसरीकडे, अशी ही स्थिति आहे. तिची त्यांना इतकी संवय झाली आहे कीं, त्याबद्दल कोणी तक्रारही करीत नाहीं.

ही संवय एकदांच मोडली. २३ मार्च २०२० रोजीं करोनाच्या साथीमुळें राज्यांत संचारबंदी झाली व जिल्ह्यांच्या सीमा बंद करण्यांत आल्या. नाके बसले. जी रेघ नकाशावर होती ती एका रात्रींत रस्त्यावर आली. साथीच्या वेळीं माणसांचें येणेंजाणें थांबविणें आवश्यक होतें, याविषयीं वाद नाहीं. परंतु हुकूम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढें जिल्हा म्हणजे एक बंद घर होतें, आणि येथें तर स्वयंपाकघर एका जिल्ह्यांत व आड दुसऱ्या जिल्ह्यांत! शेत पलीकडे असणाऱ्यांनीं काय करावें? रोजची औषधें अलीकडच्या दुकानांतून नेणाऱ्या म्हाताऱ्यांनीं काय करावें? दूध व भाजीपाल्यास मोकळीक होती. माणसास परवाना लागे, आणि तो फोनवर अर्ज करून मिळवावा लागे. ज्यांच्या घरीं तसा फोन नव्हता त्यांनीं शेजारच्या पोराच्या हातापायां पडावें. त्या दिवसांत शाळाही फोनवरच भरत होती. पुलाजवळच्या कांहीं मुलांना वर्गाची हाक ऐकूं येई ती पलीकडच्या जिल्ह्यांतील मनोऱ्यावरून. विजेच्या लहरींस नाक्यावर कोणी अडविलें नाहीं.

आपल्या शाळेंतील एक मुलगी तेव्हां चौथींत होती. तिचें आजोळ घोड नदीच्या पुलापलीकडील एका वाडींत आहे. तिनें मला सांगितलें कीं, घराच्या गच्चीवरून आजीच्या घराजवळचें चिंचेचें झाड तिला दिसे, आणि सांजवेळीं ती त्या झाडाकडे पाहून हात हालवी. आजीला दिसत नसे हें तिला ठाऊक होतें. दर उन्हाळ्यांत ती तेथें दोन महिने राहावयाची; त्या वर्षीं एकदांही जातां आलें नाहीं. आजीनें कुरडया व पापड एका दूधवाल्याच्या हातीं पाठविले, तेवढाच काय तो संबंध.

२ सप्टेंबर २०२० पासून एका जिल्ह्यांतून दुसऱ्यांत जाण्यास परवाना लागेनासा झाला. त्याच दिवशीं सकाळीं तिचे वडील तिला दुचाकीवर बसवून निघाले. पावसाचे दिवस, नदीला पाणी भरपूर होतें. पूल ओलांडून होतो न होतो तों पलीकडच्या टोंकाशीं आजी उभी. पहांटेपासून येऊन उभी होती म्हणे. तिनें दुचाकी रस्त्याच्या कडेस थांबवावयास लावली, नातीवरून भाकरतुकडा ओवाळून नदींत टाकला, तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटें मोडलीं, आणि मग तिला घरीं नेलें.